भुकेलं पाणी

कासवीण मेली त्याला सहा वर्षं झाली, पण तिची कातडी अजून वाढत होती.

प्रयोगशाळेत नवा माणूस आला की मावशी त्याला हे एवढंच सांगायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. समोरचा गोंधळला की तिला बरं वाटायचं. मग हात पुसत पुसत, जराही घाई न करता, ती पुढचं सांगायची. जाळ्यात मान कापली गेलेली ती समुद्री कासवीण लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली होती. चौघांनी ताडपत्रीत घालून तिला वर आणलं, तेव्हा ती टेबलावर मावेना. दोन दिवस तिनं तग धरला. तिसऱ्या सकाळी डोळे मिटले. मग प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी तिच्या मानेजवळची नखाएवढी कातडी काढून घेतली, बारीक चिरली आणि लालसर अन्नपाण्याच्या बाटलीत ठेवली. त्या तुकड्यांतून पेशी बाहेर आल्या, बाटलीच्या तळाला चिकटल्या, एकीच्या दोन झाल्या. दोनाच्या चार व्हायला मात्र त्यांनी चार दिवस लावले.

"कासवच ती," मावशी म्हणायची. "मेली म्हणून चाल बदलेल होय?"

मावशी पेशींना हात लावत नसे. तिचं काम भांड्यांचं. नळ्या, चंचुपात्रं, बाटल्या धुवायच्या, आम्लात बुडवून ठेवायच्या, मग पाच वेळा साध्या पाण्यानं आणि तीन वेळा डिस्टिल्ड पाण्यानं खंगाळायच्या, वाफेच्या मोठ्या कुकरात शिजवायच्या, फडताळात उलट्या ठेवायच्या. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. उजेडाकडे धरलेल्या बाटलीवर पाणी सलग पसरलं तर ती स्वच्छ, आणि थेंब थेंब होऊन तुटलं तर ती अस्वच्छ, हे तिला चष्म्याशिवाय कळायचं. शाळा तिनं चौथीत सोडली होती. पण मॅडम बाहेरच्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या कामावर विश्वास ठेवायचा की नाही ते या बाईंच्या हातावर आहे." अशा वेळी मावशी खाली बघायची आणि तो दिवसभर ताठ चालायची.

डिस्टिल्ड पाणी एका मोठ्या पांढऱ्या कॅनमध्ये साठवलेलं असे. तिच्या आधी भांडी धुणारा जो म्हातारा होता, त्यानं नोकरी सोडताना तिला त्या कॅनपाशी उभं करून सांगितलं होतं, "हे पाणी भुकेलं असतं बघ. यातलं सगळं काढून घेतलंय, म्हणून ते ज्याला शिवेल त्याचं खातं. काच आणि प्लास्टिक, बाकी कशाला याला शिवू द्यायचं नाही." मावशीला तो शब्द फार आवडला होता. भुकेलं पाणी. ती कधी कधी कॅनला थापटून म्हणायची, "थांब रे बाबा, देते काम."

*

मावशीची धाकटी बहीण खाडीच्या काठी राहायची. तिला सगळे धाकटीच म्हणत, ती पंचेचाळिशीला आली तरी. तिचं काम शिंपले फोडायचं. पहाटे ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून शिंपले वेचायचे, दारात बसून आखूड सुरीनं उघडायचे, मांस एका डब्यात, टरफलं एका ढिगात. काठावर पाऊण कोसावर शिसं वितळवायचा कारखाना होता. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं ते काढत आणि उरलेलं एका जाड पाइपानं खाडीत सोडत. अकरा वर्षं सोडत होते.

तीन वर्षांपूर्वी धाकटीच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग बोटं बधिर झाली. सुरी लागली की तिला कळायचंच नाही. डब्यातलं मांस लाल दिसलं की ती आपले हात तपासायची. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उमटली.

"बाकीच्या बायका काजळ डोळ्यांत घालतात," ती मावशीला तोंड उघडून दाखवत म्हणाली होती. "मी बघ कशी निराळी."

डॉक्टरनं रक्त तपासलं. शिसं निघालं. ते कुठून आलं हे मात्र सांगता येत नाही, म्हणाला. जुन्या रंगातून येतं, भांड्यांच्या कल्हईतून येतं, कशातूनही येतं. कारखान्यानं आपला कागद दाखवला, पाइपातलं पाणी मर्यादेत आहे. वस्तीतल्या लोकांनी चार अर्ज केले. चारही कुठल्याशा कपाटात गेले.

आणि मग कासवं उपयोगी पडली. ती खाडी कासवांच्या येण्याजाण्याची होती आणि कासवांना कायद्याचं संरक्षण होतं. कुणीतरी कासवांच्या नावानं तक्रार केली आणि जे माणसांच्या अर्जांनी हललं नव्हतं ते तीन महिन्यांत हललं. सुनावणी लागली. समितीनं विचारलं, गाळात धातू आहेत हे ठीक, पण त्यानं कासवाला इजा होते हे कशावरून? आता कासवांना विष घालून बघता येत नाही. पण कासविणीच्या पेशी होत्या. त्या गाळाच्या पाण्यात ठेवून बघता येत होत्या. काम मॅडमकडे आलं.

"म्हणजे त्या मेलेल्या कासविणीच्या कातडीला काही झालं तर पाइप बंद," धाकटी म्हणाली. "आणि माझ्या कातडीला झालं तर मलम."

"पाइप बंद झाला की तुमच्या नळाला पाणी पण सोडायचं आहे," मावशी म्हणाली. "मॅडमनी वाचून दाखवलं मला. एकाच हुकमात दोन्ही मागितलंय."

वस्तीत नळ घालून चार वर्षं झाली होती. प्रत्येक दारापुढे एक लोखंडी नळी जमिनीतून वर आली होती आणि तिला चकचकीत पितळी तोटी होती. पाणी एकदाही आलं नव्हतं. लोक काठावरच्या विहिरीचंच पीत. मावशीनं बहिणीला आपल्या खोलीवर राहायला ये म्हणून कितीदा सांगितलं होतं. धाकटी प्रत्येक वेळी एकच उत्तर देई: "तुझ्या खोलीत शिंपले कुठे सापडायचे?"

*

मॅडमकडे संशोधन करणारी एक मुलगी होती. ती कधी चालत नसे, धावत असे. बोलताना वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू करी. मावशीनं तिचं नाव लगबग ठेवलं होतं आणि ते तिला शोभतही होतं. पेशींचं सगळं लगबगच बघायची.

पेशी थोड्या होत्या. मागच्या वर्षी उबवणीच्या कपाटात बुरशी शिरून दोन बाटल्या फेकाव्या लागल्या होत्या. एक बाटली वाढत होती, आणि नायट्रोजनच्या टाकीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, करंगळीएवढ्या कुपीत शेवटचा साठा झोपलेला होता. बाटलीतल्या पेशी शहाण्णव खळग्यांच्या थाळीत वाटून घालायच्या होत्या. पाइपाखालचा गाळ डिस्टिल्ड पाण्यात दिवसभर घुसळून, गाळून, ते पाणी पेशींच्या अन्नात मिसळून काही खळग्यांत पुरतं, काहींत निम्मं, काहींत दहापट पातळ करून घालायचं. शेवटी एक रंग टाकायचा. जिवंत पेशी तो रंग धरतात आणि जांभळ्या होतात. मेलेल्या पांढऱ्याफटक राहतात. हे मावशीलाही वाचता यायचं. अक्षरांपेक्षा सोपं होतं.

"मावशी, पेशी पुरत नाहीयेत," लगबग म्हणाली. "एक ओळ सोडावी लागणार."

"कुठली गं?"

"नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची. दर वेळी घालतो आणि दर वेळी जांभळी येते. तुमच्या पाण्याला काय होणारे?"

मावशीला त्यात कौतुकच वाटलं.

त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. कॅनची प्लास्टिकची तोटी तडकली होती. रात्रभर ठिबकून सकाळी अर्धा कॅन रिकामा व्हायचा. मावशीनं नव्या तोटीसाठी कार्यालयात तीनदा अर्ज केला. कारकून म्हणाला, अर्जाचा नमुना बदललाय. नवा नमुना भरला, तर म्हणाला, यावर तोटीचा क्रमांक नाही. थाळीचं काम तोंडावर आलेलं. मावशीच्या मनाला लागलं. आपल्या बहिणीचं काम, आणि आपल्याच हातून पाणी वाया जातंय! रविवारी ती धाकटीकडे गेली तेव्हा हे सगळं बोलली.

धाकटीनं सुरी खाली ठेवली, पक्कड आणली आणि दारापुढच्या नळीची तोटी पिळून काढली.

"घे. इथं हिला काम नाही. चार वर्षं नटून उभी आहे नुसती."

मावशीनं ती तोटी आम्लात बुडवली, खंगाळली, उजेडात धरून बघितली आणि कॅनला बसवली. एक थेंब गळेना. त्या रात्री ती फार समाधानानं झोपली.

थाळीचा निकाल आला तेव्हा लगबग पळत पळत भांडी धुण्याच्या खोलीत आली आणि तिनं मावशीचे ओले हात धरले. "सगळ्या पांढऱ्या! दहापट पातळ केलेल्या पण! एकही जांभळी नाही! मावशी, पाइप गेला!" शेजारची ओळ, नुसत्या विकतच्या अन्नाची, गर्द जांभळी होती. तिच्यात कॅनचं पाणी नव्हतंच. मॅडमनी दोन दिवसांत अहवाल लिहिला, सही केली, पाठवला. सुनावणी पंधरा दिवसांवर होती.

मावशी संध्याकाळी खाडीवर गेली आणि धाकटीच्या दारात उभी राहून नुसती हसली. धाकटीनं सुरी चिखलात रोवली. दोघी बहिणी लहानपणी हसायच्या तशा, कारण नसताना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

*

चार दिवसांनी, सकाळी, मावशी कॅनखालचं पांढरं तसराळं घासायला बसली. तोटीतून उरलासुरला थेंब जिथं पडायचा तिथं एक ओघळ दिसला. आधी वाटलं शेवाळ आहे. बोटानं पुसलं, निघालं नाही. तिनं ते उजेडाकडे धरलं. हिरवट-निळा होता. जुन्या पितळेच्या भांड्याच्या बुडाला चढतो तसला.

कानात म्हाताऱ्याचा आवाज आला, इतका स्पष्ट की तिनं मागं वळून बघितलं. ज्याला शिवेल त्याचं खातं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात थोडं शिसंही असतं. सव्वीस वर्षं या खोलीत राहून एवढं तिला ठाऊक होतं. कासविणीच्या पेशींनी जे प्यायलं ते गाळाचं पाणी होतं की तोटीचं? की दोन्हींचं? तिनं तसराळं घासलं, पुन्हा घासलं, तारेच्या गुंडाळीनं घासलं, आणि आपण हे का घासतोय ते ध्यानात आल्यावर तिचे हात जागीच थांबले. ती पुरावा पुसत होती.

तीन दिवस ती गप्प राहिली. या तीन दिवसांबद्दल तिनं पुढं कुणालाच काही सांगितलं नाही, पण खोलीतल्या भांड्यांनी ते पाहिलं. तिच्या हातून दोन चंचुपात्रं फुटली. सव्वीस वर्षांत फुटलेल्या भांड्यांची संख्या तिला पाठ होती आणि त्यात एका आठवड्यात दोन कधीच नव्हती. ती स्वतःशी हुज्जत घालायची. गाळात शिसं आहे, हे मशीननं सांगितलंय. धाकटीच्या रक्तात आहे, हे डॉक्टरनं सांगितलंय. मग पेशी कशानं मेल्या हे कुणाला विचारायचंय? पाइप चोर आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. साक्षीदार थोडा चुकला म्हणून काय झालं? दुपारपर्यंत तिला हे पटायचं. दुपारनंतर ती बाटली उजेडाकडे धरायची, पाणी थेंब थेंब होऊन तुटलेलं दिसायचं आणि तिला ती बाटली पुन्हा धुवावीच लागायची.

रविवारी ती धाकटीकडे गेली. बोलायला गेली होती. धाकटीनं पत्र्याची पेटी बाहेर काढली होती आणि तिच्यावर एक नवी कोरी बादली पालथी ठेवली होती.

"नळाला पाणी आलं की पहिली बादली डोक्यावरून ओतणार," धाकटी म्हणाली. "कपड्यांसकट. मग दुसरी प्यायची. तू काय अशी कोमेजल्यासारखी? कासवीण पुन्हा मेली की काय?"

"काही नाही."

"ताई, तू खोटं बोलायला लागलीस की तुझं नाक खाजतं. लहानपणापासून."

मावशीनं नाकावरचा हात खाली घेतला. धाकटी शिंपले फोडत होती. सुरी घसरली आणि तिच्या अंगठ्यातून रक्त आलं. ती बोलतच राहिली, शेजारणीच्या कोंबड्यांबद्दल, आणि रक्त मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेलं. मावशीनं पदर फाडून तिचा अंगठा बांधला.

"लागलं होय," धाकटी म्हणाली. "बघ, तू आहेस म्हणून कळलं."

मावशी न बोलताच परत आली.

*

सोमवारी मॅडम आपल्या खोलीत चहा घेत होत्या. मावशी दारात उभी राहिली. हातात तसराळं होतं.

"मॅडम, मी कॅनला पितळेची तोटी बसवली."

मॅडमना आधी समजलं नाही. मग त्यांनी तसराळं हातात घेतलं, त्यातल्या हिरव्या ओघळावरून नख फिरवलं आणि कप बशीवर ठेवला. बशी वाजली.

"कधी?"

"थाळीच्या चार दिवस आधी."

लगबग मागून आली होती. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला. "पण मॅडम, ती पाण्याची ओळ... मीच सोडली. मीच म्हटलं की... पण गाळात शिसं आहेच ना! मशीननं मोजलंय ना! पेशी तशाही मेल्याच असत्या!"

"असत्या कदाचित," मॅडम म्हणाल्या. "पण कशानं मेल्या ते आपल्याला माहीत आहे असं मी लिहून दिलंय. आणि नेमकं तेवढंच आपल्याला माहीत नाही."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तिचं एक चाक किरकिरत होतं.

"आठ दिवस आहेत अजून," लगबग म्हणाली. "कुपी काढू. पुन्हा करू."

"कुपीतल्या पेशींना थाळीपुरतं वाढायला तीन आठवडे लागतात. जगल्या तर." मॅडमनी डोळ्यांवर हात ठेवले. "मावशी, सुनावणीत अहवाल नसेल तर काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"हो."

"पुढची तारीख सहा महिन्यांनी मिळेल."

"हो, मॅडम."

"तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

मावशीनं फक्त तसराळं परत मागितलं, कारण ते तिच्या खोलीतलं होतं.

अहवाल मागं घेत असल्याचं पत्र त्याच दुपारी गेलं. कारकुनाच्या कानावर काहीतरी गेलं असावं. संध्याकाळी प्लास्टिकची नवी तोटी आली. अर्ज नाही, क्रमांक नाही. शिपायानं ती मावशीच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "सही करा, मावशी." मावशीनं सही केली. तिचं अक्षर नेहमी गोल यायचं. त्या दिवशी ते रेघेबाहेर गेलं.

*

कुपी काढली तेव्हा लगबग पहिल्यांदाच सावकाश चालली. नायट्रोजनच्या टाकीतून पांढरं धुकं सांडलं. कुपी कोमट पाण्यात हलवत हलवत आतला बर्फ वितळवला, पेशी ताज्या अन्नात घातल्या, बाटली आडवी करून उबेच्या कपाटात ठेवली. तीस अंश. माणसाच्या पेशींना याहून जास्त ऊब लागते. कासवाला एवढी पुरते.

पहिल्या दिवशी सगळ्या पेशी तरंगत होत्या. जिवंत पेशी तळाला चिकटते. तरंगते ती बहुतेक मेलेली. दुसऱ्या दिवशीही तरंगत होत्या. मावशी कपाटाच्या काचेपाशी जाई आणि परत येई. तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला कधी कुणी बोलावलं नव्हतं आणि तिनंही मागितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी लगबगनं हाक मारली.

"मावशी, या. बघा."

मावशीनं डोळा लावला. आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग एक फिकट पिवळसर उजेड, आणि त्यात तळाला चिकटलेली, दोन्ही बाजूंना टोकं काढून ताणलेली एक पेशी. थोड्या अंतरावर दुसरी. आणि लांब, एकटी, तिसरी.

"एवढ्याच?"

"मोजल्या तर चाळीसेक असतील. हजारो हव्यात."

"चिकटल्या आहेत ना?"

"चिकटल्या आहेत."

मावशीनं डोळा काढला नाही. सहा वर्षं ती ज्यांच्यासाठी भांडी धुत होती त्या तिनं आज पाहिल्या. त्या काहीच करत नव्हत्या. नुसत्या धरून बसल्या होत्या.

सुनावणीच्या दिवशी त्या चाळिसाच्या शंभरही झाल्या नव्हत्या. समितीनं पाच मिनिटांत तारीख पुढं ढकलली. सहा महिने. कारखान्याचा वकील मॅडमशी फार अदबीनं बोलला म्हणे.

वस्तीत बातमी मावशीच्या आधी पोचली. त्या रविवारी ती गेली तेव्हा बायका विहिरीवरून परतत होत्या. एकीनं रस्ता दिला नाही. "तोंड शिवून घेता आलं नाही का गं तुला?" म्हणाली. "तुझ्या कासविणीला राग आला असता?" धाकटीच्या दाराला आतून कडी होती. आत सुरीचा आवाज येत होता, शिंपला उघडल्याचा, टरफल ढिगात पडल्याचा. मावशीनं हाक मारली. आवाज थांबला नाही. ती तासभर पायरीवर बसली आणि उठून आली. पुढच्या रविवारीही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही.

*

पेशी थाळीपुरत्या व्हायला सात आठवडे लागले. या वेळी एकही ओळ सोडली नाही. नुसत्या अन्नाची ओळ, नव्या तोटीच्या पाण्याची ओळ, गाळाच्या पाण्याच्या ओळी. आणि मॅडमनी आणखी एक ओळ घालायला लावली: पितळी तोटी बसवून काढलेल्या पाण्याची.

"तिचीही मोजणी होऊ दे," त्या म्हणाल्या.

रंग टाकला तेव्हा मावशीला बोलावलं. अन्न जांभळं. नवं पाणी जांभळं. पितळी तोटीचं पाणी फिकं, धुतलेल्या जांभळासारखं. निम्म्या मेल्या होत्या. गाळाचं दहापट पातळ पाणी जांभळं. आणि गाळाचं निम्मं पाणी, गाळाचं पुरतं पाणी, दोन्ही पांढरी. कागदासारखी पांढरी.

म्हणजे पाइप चोरच होता. पहिल्या अहवालात त्याची चोरी जास्त मोजली गेली होती, एवढंच. मावशी बोलली नसती तरी निकाल तोच लागला असता, आणि खाडीतला पाइप सहा आठवड्यांपूर्वीच बंद झाला असता. हे कुणी तिला बोलून दाखवलं नाही. तिला बोलून दाखवायची गरजही नव्हती. ती आपल्या खोलीत गेली, नळ सोडला आणि स्वच्छ बाटल्या पुन्हा धुतल्या, सगळ्याच्या सगळ्या.

*

त्या रविवारी धाकटीच्या दाराला कडी नव्हती. ती नेहमीच्या जागी बसली होती. पुढचा एक दात गेला होता. नवी बादली शिंपल्यांनी भरलेली होती.

मावशी पायरीवर बसली आणि तिनं निकाल सांगितला, सगळा, ओळीनं, तोटीच्या ओळीसकट. धाकटी ऐकत होती आणि शिंपले उघडत होती.

"त्या पांढऱ्या झाल्या त्या," तिनं शेवटी विचारलं, "किती दिवस टिकल्या गं गाळाच्या पाण्यात?"

"तीन दिवस."

"मी अकरा वर्षं टिकले." धाकटीनं तोंडातल्या रिकाम्या जागेवरून जीभ फिरवली. "माझ्या कातडीची बाटली भरून ठेवायला सांग तुझ्या मॅडमना."

मावशीला रडू आलं. धाकटीनं तिला रडू दिलं. ती तिच्या जवळ सरकली नाही आणि लांबही गेली नाही.

"माझी तोटी आणलीस?"

मावशीनं पिशवीतून कागदात गुंडाळलेली तोटी काढली. धाकटीनं पक्कड पुढं सरकवली. "मला धरवत नाही आता. तूच बसव."

मावशी दारापुढच्या नळीपाशी गुडघ्यांवर बसली. धाग्याची दोरी गुंडाळून तिनं तोटी फिरवत फिरवत घट्ट केली, मग पकडीनं आणखी एक आटा दिला. सवयीनं तिनं तोटी उघडून बघितली. आतून थोडी हवा आली, गंजाचा वास आला, आणि मग तेही थांबलं.

"घट्ट बसली ना?" धाकटीनं मागून विचारलं.

"बसली."

"नीट बघ. आलंच पाणी तर गळायला नको."